फायरवॉलचा पहारा एकाच बाजूने

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संगणकाच्या सुरक्षेविषयीच्या लेखांत 'फायरवॉल (संगणक आणि इंटरनेट यांच्यातल्या वाहतुकीवर पहारा ठेवणारी व्यवस्था) चालू ठेवा' हा सल्ला हमखास असतो. सल्ला योग्यच आहे. परंतु फायरवॉल चालू असली की कोणताही प्रोग्राम आपल्या नकळत इंटरनेटवर माहिती धाडू शकत नाही, असा जो समज त्यातून होतो तो खरा नाही.

विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने (म्हणजे मोठ्या सुधारणा-संचाने) २००४ साली फायरवॉल मुळातच चालू ठेवली, तेव्हा ती केवळ बाहेरून आत येणारी वाहतूक अडवत असे. विंडोजच्या व्हिस्टा या पुढच्या आवृत्तीपासून आतून बाहेर जाणाऱ्या वाहतुकीलाही नियम लावण्याची सोय झाली, पण नियम केलेला नसेल तर बाहेर जाणाऱ्याला मुभा, ही मूळ मांडणी विंडोज ११ मध्येही कायम आहे. वाड्याच्या दिंडीवर पहारेकरी आहे खरा. तो आत शिरणाऱ्याला हटकतो, गाठोडे घेऊन निघालेल्याला नाही.

बाहेर जाणाऱ्यालाही हटकणाऱ्या, झोनअलार्मसारख्या फायरवॉल वेगळ्या बसवता येतात, पण त्यांना चकवण्याच्या युक्त्याही तितक्याच जुन्या आहेत. संगणक-सुरक्षेचे जाणकार स्टीव्ह गिब्सन यांच्या 'लीकटेस्ट' या चिमुकल्या प्रोग्रामने २००० सालीच दाखवून दिले, की परवानगी मिळालेल्या फाइलचे नुसते नाव धारण केले तरी काही फायरवॉल फसतात. पुढे फायरवॉल नावाऐवजी फाइलचा ठसा (तिच्या मजकुरावरून काढलेली खूण) तपासू लागल्या, तर २००१ मधल्या 'टूलीकी' या तशाच प्रोग्रामने स्वतः बाहेर न पडता इंटरनेट एक्स्प्लोरर हा ब्राउझर लपवून उघडला आणि त्याच्याकरवी माहिती पाठवली. ब्राउझरला अडवले तर संगणक कशासाठी घेतला, असा प्रश्न येतो. म्हणून ही फट बुजवणे अवघड. शिवाय बसवताना ज्याला आपण प्रशासकाचे (संगणकात हवे ते बदल करण्याचे) अधिकार दिले, तो प्रोग्राम फायरवॉलमध्ये स्वतःसाठी परवानगीचा नियमही लिहून ठेवू शकतो.

मॅक वापरणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. मॅकच्या प्रणालीच्या २०२० मधल्या 'बिग सर' आवृत्तीत अ‍ॅपलच्या स्वतःच्या काही प्रोग्रामांची वाहतूक इतरांनी बनवलेल्या फायरवॉलना दिसतच नव्हती. ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी ती सवलत काढून टाकण्यात आली.

मी एका छोट्या कार्यालयाचे संगणक सांभाळतो. तिथे अशी विचारणारी फायरवॉल बसवली, तेव्हा बिलांचा प्रोग्राम आणि प्रिंटरसोबत आलेले सॉफ्टवेअर दिवसातून अनेकदा कुठेतरी संपर्क साधू पाहतात हे प्रथमच कळले, आणि तेवढ्यासाठी मी तिला उपयुक्तच म्हणेन. उघडपणे जाणारा प्रोग्राम ती नक्की अडवते. मात्र आठवडाभरातच आमच्या लेखनिकाने प्रत्येक प्रश्नाला न वाचता 'परवानगी द्या' म्हणायला सुरुवात केली. (त्याला दोष कसा देणार? त्या चौकटीतले फाइलचे नाव मलाही पुष्कळदा कळत नसे.) अखेर रोजच्या कामाच्या खात्यांतून प्रशासकाचे अधिकार काढले आणि ज्या संगणकावर सभासदांचे हिशेब आहेत त्याची इंटरनेटची तारच काढून ठेवली.

यापुढे असे लेख छापताना फायरवॉल कोणत्या बाजूची वाहतूक तपासते, एवढे एक वाक्य त्यांत अवश्य असावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सांगली