बाळाचे वजन होते, लांबीचे काय?

संपादक महोदय,

लसीकरणाला आणलेल्या बाळाचे वजन बहुतेक वेळा होते. कार्डावरचे लांबीचे आणि डोक्याच्या घेराचे रकाने मात्र कोरे राहतात किंवा अंदाजाने भरले जातात. बाळ मुळात लहान चणीचे आहे की रोडावते आहे, हे नुसत्या वजनावरून कळत नाही.

लांबी मोजायला दोन माणसे लागतात. एकाने बाळाचे डोके स्थिर फळीला टेकवून, नजर सरळ वर राहील असे धरायचे. दुसऱ्याने गुडघे हलके दाबून पाय सरळ करायचे, तळवे काटकोनात ठेवायचे आणि सरकती फळी टाचांना भिडवायची. टोपी, पायमोजे आधी काढावेत. अंथरुणावर टेप पसरून एकट्याने मोजले की बाळ पाय आखडते आणि एक-दीड सेंटिमीटर सहज गायब होतो. मग पुढच्या खेपेला बाळ ‘एकदम वाढते’ किंवा चक्क आखूड होते! म्हणून दोनदा मोजावे. अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

डोक्यासाठी न ताणणारी फीत घ्यावी. ती पुढे भुवयांच्या जरा वर, मागे सर्वांत फुगीर भागावर हवी. पहिले तीन महिने घेर महिन्याला साधारण २ सेंमी वाढतो, पुढचे तीन महिने १ सेंमी. वाढीच्या तक्त्यावरची रेघ भराभर वर चढू लागली किंवा सपाट झाली, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये.

वजनाचेही तसेच. काटा १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा, दर वेळी तोच आणि बाळ उघडे हवे. भिजलेला डायपर शंभर ग्रॅम सहज भरतो. बाळ पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २५ ते ३० ग्रॅम वाढते, म्हणजे तीन-चार दिवसांची खोटी वाढ नोंदली गेली. रोज वजन करणे तर निव्वळ डोक्याला ताप, कारण एका दुधाने आणि एका शूने आकडा हलतो. जन्मानंतर वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरू शकते. दोन आठवड्यांत ते भरून यायला हवे.

तीन महिन्यांनंतर वाढ दिवसाला १५ ते २० ग्रॅमवर येते. नेमके तेव्हाच ‘दूध पुरत नाही’ म्हणून वरचे दूध सुरू होते. जुने तक्ते बव्हंशी बाटलीच्या दुधावरच्या बाळांचे होते, त्यावर अंगावर पिणारे बाळ या वयात मागे पडल्यासारखे दिसे. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते स्तनपानावरील बाळांच्या मोजमापांतून तयार झाले आहेत, तेच वापरावेत. बाळ खालच्या रेषेवर असले तरी तीच रेषा धरून चालले असेल, तर सहसा काळजी नसते. रेषा ओलांडून खाली घसरणे मात्र तपासायलाच हवे.

आठ आठवडे आधी जन्मलेले बाळ चार महिन्यांचे झाले, तरी तक्त्यावर त्याची खूण दोन महिन्यांवर करायची. हा हिशेब दोन वर्षांचे होईपर्यंत ठेवावा.

– एक बालरोगतज्ज्ञ