पाणीपातळीसोबत पाण्याचा दर्जाही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की कोकणातल्या छोट्या गावांत लोक किनारा साफ करतात, कचरा वेगळा ठेवतात, कारण तिथं सगळे निवांत. कोल्हापूरकराला पोटामागं धावताना ही चैन परवडत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी एसटीत वाहक होतो. नोकरीची बरीच वर्षं कोल्हापूर-वेंगुर्ला मुक्कामी गाडीवर गेली आणि वेंगुर्ला माझी सासुरवाडीही आहे. त्यामुळं दोन्हीकडची माणसं मला जवळून माहीत आहेत, म्हणून हे पत्र.

आधी त्या निवांतपणाचं. मुक्कामी गाडीच्या वाहकाला गाव दिसतं ते पहाटे. मी चहाला बंदराकडं जायचो तेव्हा होड्या लागलेल्या असायच्या आणि मासळीच्या बोलीचा गलका सुरू झालेला असायचा. पाट्या डोक्यावर घेऊन बाजाराकडं निघालेल्या बायका माझ्याआधी दोन तास उठलेल्या असत. आपल्याकडं त्या वेळी दूधवाला सोडला तर पेठेत कुणी हलत नाही. तेव्हा वेळ आहे म्हणून ते करतात, हे काही खरं नाही.

मग का करतात? 2011 च्या जनगणनेत वेंगुर्ल्याची लोकसंख्या जेमतेम बारा हजार होती, आपली साडेपाच लाख. गाव लहान, माणूस माणसाला ओळखतो, म्हणून लाजेकाजेस्तव करतात, असं एक उत्तर लोक देतात. त्यात थोडं तथ्य आहे. पण रापण ओढताना पाहिली तेव्हा मला दुसरं कारण दिसलं.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून समुद्रात अर्धगोल टाकतात, दोन्ही टोकांचे दोर वाळूत येतात आणि माणसं दोन रांगांत उभी राहून ओढतात. आलेल्या मासळीचे वाटे होतात आणि दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो. आता त्याच जाळ्यात बांगडा-तारलीबरोबर पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या येतात. त्या हातानं वेचून काढल्याशिवाय जाळं पुन्हा टाकता येत नाही. म्हणजे मासळीचा वाटा घेणाऱ्याच्या हातीच कचराही येतो. माझा मेव्हणा म्हणतो, "भावोजी, समुद्र कायच ठेवन घेणा नाय. पावसात सगळा आमच्याच दारात हाडून टाकता." जूनमध्ये उधाणाच्या वेळी किनाऱ्यावर जाऊन बघा, शब्दन् शब्द पटेल. (त्या बाटल्यांतल्या काही आपल्याच एमएच-09 गाड्यांतून गेलेल्या असतात. शनिवार-रविवारी सागरेश्वरच्या किनाऱ्यावर लागलेल्या गाड्यांचे नंबर पाहिले आहेत, म्हणून म्हणतो.)

त्याच गावात रामदास कोकरे मुख्याधिकारी म्हणून आले आणि त्यांनी कचऱ्याचं काम हाती घेतलं. घरातच कचरा वेगळा करायचा, प्लॅस्टिकचा भुगा करून डांबरात मिसळायचा आणि तो रस्त्याला वापरायचा, ओल्या कचऱ्याचा गॅस करायचा. जिथं नाक दाबून जावं लागायचं त्या कचरा डेपोला 'स्वच्छ भारत पर्यटन स्थळ' असं नाव देऊन त्यांनी तो लोकांना बघायला खुला केला. सुरुवातीला आमच्या सासुरवाडीत कुरकुर झाली. सासूबाई म्हणाल्या, आम्ही काय आता कचऱ्याच्या जाती शिकत बसायच्या? पण त्याच सासूबाई पुढं पाहुण्यांना हौसेनं डेपो बघायला पाठवायला लागल्या. आपल्या घरातली पिशवी कुठल्या रस्त्यात गेली हे दिसायला लागल्यावर माणूस असा बदलतो. साहेब बदलून गेले. साहेब जायचेच. पण ते जाईपर्यंत घराघरात हाताला सवय लागली होती.

आणि मांडवीच्या खाडीतल्या 'स्वामिनी' बचत गटाच्या बायका. मच्छीमार घरांतल्या या बायका पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात, वल्ही स्वतः मारतात, झाडं आणि पक्षी ओळखून सांगतात. कांदळवन म्हणजे चिखल आणि डास, सरपणाला तोडायची झाडं, असं समजणारी माणसं मी याच गावात पाहिली आहेत. आता त्या मुळांत अडकलेली पिशवी दिसली की होडी थांबते, कारण पाहुणा पैसे देऊन पिशवी बघायला येत नाही. कुणी याला स्वार्थ म्हणेल. म्हणू दे. निव्वळ प्रेमावर गावं सुधारत असती तर कोल्हापूर कधीच सुधारलं असतं. आपल्या पेठेबद्दल, तालमीबद्दल एक वाकडा शब्द बोलून बघा!

कोल्हापूरकर पुढं येत नाही असंही नाही. टोलविरोधात सगळं शहर वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरलं आणि टोल घालवूनच थांबलं. 2019 आणि 2021 च्या महापुरात मंडळांच्या पोरांनी गळ्याएवढ्या पाण्यातून म्हातारी माणसं पाठीवर बाहेर काढली, रात्रंदिवस चुली पेटत्या ठेवल्या. गणेशमूर्ती पंचगंगेत न सोडता इराणी खणीत सोडायला आपण शिकलो. यातल्या प्रत्येक वेळी गोष्ट आपल्या दारात आली होती. टोल आपल्या खिशातून जात होता, पाणी आपल्या उंबऱ्यात शिरत होतं.

पंचगंगेच्या घाणीचं तसं होत नाही. जयंती नाला, दुधाळी नाला नदीला मिळतात आणि नदी पुढं जाते. आपण टाकलेलं परत आपल्या दारात येत नाही, ते इचलकरंजीच्या, शिरोळच्या दारात जातं आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळतं. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीनं माणसं दगावली, तेव्हा आपल्याकडं हळहळ झाली, पण कुठल्या तालमीत बैठक बसल्याचं मला आठवत नाही. वेंगुर्लेकराला समुद्र जे परत आणून देतो ते आपल्याला नदी देत नाही, एवढाच त्यांच्या-आमच्या स्वभावातला फरक आहे. मी पंचगंगेच्या काठाजवळ शुक्रवार पेठेत राहतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वास येतो, लोक खिडकी लावून घेतात आणि पावसाळा आला की विसरतात.

यावर उपाय सांगायचा माझा वकूब नाही. महापालिकेनं सांडपाण्याचे प्रकल्प पुरे करावेत, कारखान्यांनी नियम पाळावेत, ही मागणी जुनी आहे आणि ती चालू राहावीच. ते काम मंडळाच्या पोरांनी झाडू हातात घेऊन होणारं नाही. नाल्यातलं मैलापाणी नागरिकांनी कसं अडवायचं? पण मागणी लावून धरायला माणसं लागतात आणि माणसं गोळा व्हायला रोज डोळ्यांसमोर काहीतरी लागतं. तेवढं काम मात्र वर्तमानपत्राच्या हातात आहे.

जुलै महिना लागला की कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे आकडे पाठ असतात. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. सकाळी पेपर उघडला की आधी पातळी बघायची, मग बाकीचं. तो आकडा आपण वर्षानुवर्षं छापत आलात म्हणून तो गावाच्या तोंडी बसला. तसाच पाण्याच्या दर्जाचा आकडा छापावा, ही माझी विनंती आहे. आंघोळीच्या पाण्यात बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जो प्राणवायू खाते त्याचं माप, लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर नसावं असा निकष आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीचे नमुने तपासतं. ते आकडे मागवून दर महिन्याला पहिल्या पानावर एका चौकटीत द्या: कोल्हापूरच्या वर किती, जयंती नाला मिसळल्यावर किती, इचलकरंजीजवळ किती. तिन्ही आकडे शेजारी शेजारी असावेत, म्हणजे मधल्या टप्प्यात कुणी काय मिसळलं हे सांगायला अग्रलेख लागणार नाही. एखाद्या ठिकाणचा आकडा मिळाला नाही तर चौकट रिकामी ठेवून 'मिळाला नाही' असं छापा.

पावसाळ्याची वाट बघू नका. नदीचं खरं रूप मार्च-एप्रिलमध्ये दिसतं, तेव्हाच चौकट सुरू करा. शुक्रवार पेठेतल्या फळ्यावर तो आकडा दर महिन्याला खडूनं लिहायची जबाबदारी माझी.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
शुक्रवार पेठ, कोल्हापूर