नाव न सांगता मदत करणाऱ्यांचे आभार

मालवणातल्या आमच्या वाचनालयाच्या जुन्या संगणकावर विंडोजशेजारी लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली बसवलं, पण ग्रबच्या (संगणक सुरू होताना कोणती प्रणाली उघडायची ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीत विंडोज दिसेना. ज्यांनी वाट दाखवली त्यांचे मनापासून आभार! ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर, म्हणजे संगणकावरच्या इतर प्रणाली शोधणारा प्रोग्रॅम, मुळातच बंद असतो, हे तुम्हीच सांगितलंत. 'ईटीसी'मधल्या 'डिफॉल्ट' फोल्डरातल्या 'ग्रब' फाइलमध्ये 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स' ही ओळ घातली, 'सुडो अपडेट-ग्रब' चालवलं आणि विंडोज यादीत आलं. विंडोज लेगसीत (संगणक सुरू करण्याच्या जुन्या पद्धतीत; नवी ती यूईएफआय) बसलेलं असेल तर लिनक्स बसवायचा पेनड्राइव्हही लेगसीतच सुरू करायचा, हा इशारा फार मोलाचा. विंडोज एका पद्धतीत आणि लिनक्स दुसऱ्या पद्धतीत बसलं की ग्रबला विंडोज उघडता येत नाही. घड्याळ सारखं मागे जात होतं, तो दोष मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ या बटणासारख्या सेलचा. आणि खाऱ्या हवेने काळवंडलेले रॅमच्या (मेमरीच्या पट्टीचे) सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसायला सांगणाऱ्या ताई, देव बरें करो!