तक्त्यातला राहिलेला रकाना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गर्भनिरोधनाच्या साधनांची तुलना करणारा तक्ता आपल्या पुरवणीत पाहिला. आकड्यांबद्दल तक्रार नाही. नसबंदी आणि तांबी सगळ्यात वर, निरोध बराच खाली. पण ही क्रमवारी फक्त गर्भधारणेची झाली. लैंगिक संसर्गाचा रकाना घातला असता, तर तक्ता उलटा झाला असता. तांबी, गोळी, इंजेक्शन, नसबंदी यांपैकी काहीही परमा, गरमी किंवा एचआयव्ही अडवत नाही.

कुटुंबनियोजन विभागात परिचारिका म्हणून मी बरीच वर्षं काढली. "सिस्टर, तांबी बसवली ना, मग आता ते कशाला?" हे किती जणींकडून ऐकलं असेल, मोजदाद नाही. 'ते' म्हणजे निरोध. नाव घ्यायचाही संकोच. दिवस जाण्याची धास्ती संपली की पहिली गच्छंती त्याचीच. क्लॅमिडियासारखा संसर्ग बहुतेक बायकांना जाणवतसुद्धा नाही. उपचार झाले नाहीत तर गर्भनलिकांना इजा होऊ शकते, आणि ती उघडकीला येते तेव्हा नेमकं मूल हवं असतं.

निरोधाची बदनामी मात्र मला पटत नाही. वर्षभर प्रत्येक वेळी नीट वापरला, तर शंभरांतल्या साधारण 2 जणींना दिवस जातात. प्रत्यक्षात हा आकडा 13 च्या आसपास असतो, कारण कुणी तो मध्येच चढवतं, कुणी काढताना कड धरत नाही, कुणी लॅटेक्सला तेल किंवा व्हॅसलीन लावतं आणि तो विरतो. हे शिकवायला पाच मिनिटं पुरतात, पण शिकवणाऱ्यालाच लाज वाटते!

त्यालाही मर्यादा आहेत. हर्पिस आणि एचपीव्ही हे लैंगिक संसर्गाचे विषाणू झाकल्या न गेलेल्या त्वचेतूनही पसरतात, तिथे संरक्षण अपुरंच. स्त्रियांचा निरोध दोन्ही कामं करतो. डायफ्रामला मात्र त्या रांगेत बसवू नये. तो गर्भाशयाचं तोंड झाकतो, संसर्गासाठी त्याच्यावर विसंबता येत नाही. सोबतचं नोनोक्सिनॉल-9 असलेलं शुक्रजंतुनाशक वरचेवर वापरलं तर आतली त्वचा हुळहुळते आणि एचआयव्हीचा धोका उलट वाढतो.

पुन्हा तक्ता छापाल तेव्हा तो रकाना घाला. तांबी किंवा गोळीच्या जोडीला निरोध वापरता येतो, हेही लिहा. एकावर एक दोन निरोध मात्र नकोत, घासून फाटण्याची भीती असते. दोन घातले तर चालतील का, हा प्रश्न हमखास यायचा, आणि तोही निघता निघता, दाराशी थांबून.

आपली,
एक निवृत्त परिचारिका