धाकटीला आधी गोठ्यात पाठव

कोल्हापूर,
भाऊबीज

प्रिय वैशू,

तुझ्या मेसेजला उत्तर द्यायला उशीर झाला. पण विचारलंयस तेच असं की फोनवर दोन वाक्यांत उरकणार नाही. म्हणून दिवाळीचं आवरून निवांत कागद घेऊन बसले.

धाकटीला पशुवैद्यकीयच्या डिग्रीला घालू, की इथला डिप्लोमा बरा, की तिनं कुठंतरी वाचलेल्या त्या परदेशी 'व्हेटरिनरी टेक्नॉलॉजी'च्या कोर्सची चौकशी करू, असं तू विचारलंयस. आणि खाली लिहिलंयस, "तिला प्राण्यांची फार आवड आहे." ते वाक्य आधी खोडून टाक. आवड आमच्या वर्गात सगळ्यांनाच होती. पहिल्या वर्षी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर कुत्र्याच्या पिल्लासोबतचा फोटो. त्यातले कितीतरी जण आता स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उघडून बसलेत.

कागदावरचा फरक पटकन सांगते. डिग्री साडेपाच वर्षांची, त्यात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप, मी आत्ता तिथं आहे. प्रवेश 'नीट' या प्रवेश परीक्षेच्या मार्कांवर. आपल्याकडची कॉलेजं नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. सगळ्यांत जुनं मुंबईचं, परळचं, १८८६ सालातलं. मग नागपूर, परभणी, उदगीर आणि आमचं शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील कॉलेज, आपल्याकडून जाताना खंबाटकीचा घाट उतरला की आलंच. डिप्लोमा करून मुलं पशुधन पर्यवेक्षक होतात. १९८४ च्या कायद्याप्रमाणे त्यांना किरकोळ उपचार करता येतात, पण नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. आणि अमेरिकेतला टेक्निशियन म्हणशील तर त्याला रक्त काढणं, एक्स-रे, भूल देताना जनावरावर लक्ष ठेवणं, प्रयोगशाळेतल्या तपासण्या, सगळं शिकवतात. दोन वर्षांचा कोर्स असतो, चार वर्षांचाही असतो, आणि पुढं त्यांची एक राष्ट्रीय परीक्षा असते. पण रोग कोणता ते ठरवणं, औषध लिहून देणं आणि ऑपरेशन या तीन गोष्टी त्याला करता येत नाहीत. माणसांच्या दवाखान्यात नर्स असते तसं ते काम. वाईट मुळीच नाही. फक्त तो कोर्स करून धाकटी इथं परत आली तर त्या नावाची जागा तिला सहज मिळायची नाही, हे आधी तिच्या कानावर घाल.

आता मुख्य गोष्ट. परवाचंच सांगते.

सकाळी आंबेवाडीच्या बाजूनं फोन आला. हरियाणातून आणलेली मुऱ्हा म्हैस, तिसरं वेत, व्यायल्याला दोन दिवस झालेले, पहाटे धारेला उठलीच नाही. डॉक्टरसाहेब, पर्यवेक्षक काका आणि मी, असे तिघं गेलो. गोठ्यात शिरल्या शिरल्या मालक किमतीवर आले. म्हैस केवढ्याला पडली, गाडीभाडं किती, हप्ता कुठल्या सोसायटीचा. म्हैस मान कुशीकडं वळवून बसलेली, नाकपुडी कोरडी, नजर कुठंच नाही. काकांनी वाकून नुसता तिचा कान धरला आणि माझ्याकडं बघितलं. मीही धरला. गारढोण. थर्मामीटर ९९ च्या खाली. एरवी १०१ च्या आसपास असतं. डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट जागेवर, स्टेथोस्कोप ठेवला. तिथं मिनिटाला एकदोनदा तरी पोट गुरगुरायला हवं, पण आत सगळं थांबलेलं.

"शेण कधी टाकलं?" साहेबांनी विचारलं.

"टाकलं असंल की रात्री," मालक.

दारात वहिनी उभ्या होत्या, हातात पाटी. त्या हळूच म्हणाल्या, "काल दुपारपास्नं टाकलं न्हाई. आन आठ दिस झालं, निस्तं वाडंच चालू हाय."

झालं. निदान त्या दोन वाक्यांत होतं. गुऱ्हाळं सुरू झालीत, वाडं, म्हणजे उसाचे शेंडे, फुकटात मिळतं, त्यामुळं या दिवसांत आपल्याकडं जो तो जनावरांपुढं वाडं टाकतो. त्यात ऑक्झलेट असतं, ते वैरणीतलं कॅल्शियम बांधून टाकतं. इकडं व्याल्यावर चिकातून, दुधातून कॅल्शियम भसाभस बाहेर जातं, आणि हाडांतलं तेवढ्या वेगानं रक्तात येत नाही. मग स्नायू चालायचे थांबतात. म्हैस बसते, नंतर आडवी होते, आणि तरी कुणी आलं नाही तर जाते.

कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली कोमट पाण्यात धरून शरीराइतकी ऊबदार केली आणि मानेच्या शिरेत सुई लावली. साहेबांनी मला डाव्या कोपराच्या मागं हृदयावर स्टेथोस्कोप लावून बसवलं आणि बाटली काकांच्या हातात दिली. हे औषध भरभर गेलं तर हृदय बंद पडतं. म्हणून ठोका अडखळला की मी बोट वर करायचं आणि काकांनी बाटली खाली घ्यायची. पाय बधीर झाले तरी हलायचं नाही. अर्धी बाटली संपेपर्यंत काही म्हणजे काही फरक नाही. मग मांड्यांचे स्नायू थरथरायला लागले, नाकपुडीवर थेंब दिसले, एक भला मोठा ढेकर आला आणि पाठोपाठ शेण पडलं. वैशू, शेण बघून एवढा आनंद होतो हे मला बारावीत कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. थोड्या वेळानं ती पुढचे गुडघे टेकत टेकत उठली.

आता बघ, काकांचा डिप्लोमा आहे आणि माझी डिग्री होत आलीय. कान धरून त्यांनी जे ओळखलं ते मला थर्मामीटर लावल्यावर कळलं. पण कॅल्शियम कुठं जातं, किती द्यायचं, ठोके चुकले तर काय करायचं आणि ती उठलीच नाही तर पुढं कशाचा संशय घ्यायचा, ते साडेपाच वर्षांत शिकवतात. धाकटीला निर्णय स्वतः घ्यायचे असतील तर डिग्री. नीटला मार्क कमी पडले आणि लवकर कमवायला लागायचं असेल तर डिप्लोमा, आणि त्यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. गावातला माणूस अडीनडीला पहिला फोन पर्यवेक्षकालाच लावतो.

म्हैस उठल्यावर मालकांनी साहेबांचे हात धरले. मी मात्र वहिनींशी बोलत बसले. वाडं एकदम तोडू नका, पण कमी करा, चुन्याची निवळी शिंपडून द्या, खनिज मिश्रण चालू ठेवा, पुढच्या वेताला व्याल्यावर पहिले दोन दिवस कास पूर्ण रिकामी करू नका. हे मालकांना सांगून काय उपयोग? ते दूध घेऊन डेअरीत जातात, फॅट किती लागली ते बघतात, दहा दिवसांचं बिल आणतात. वैरण कोण टाकतं, शेण कोण काढतं, कोणती म्हैस पान्हा चोरते हे कुणाला माहीत असतं? आणि म्हशीचा माज, गाभण राहायची ती वेळ, म्हणजे बघायलाच नको. गाय हंबरून गल्ली डोक्यावर घेते. म्हैस पुष्कळदा मुका माज दाखवते, तोही रात्री नाहीतर पहाटे. तेवढी एक वेळ हुकली की एकवीस दिवस गेले, तेवढे दिवस भाकड जनावर पोसायचं. सोट, म्हणजे माजातला चिकट स्राव, दिसला का, दूध कमी झालं का, सारखी लघवी करते का, हे पहाटे झाडलोट करणारीलाच सांगता येतं. आमच्या बॅचमधल्या मुलांना या बायका हे सांगायला लाजतात. मला सांगतात. "डॉक्टर कुठायत?" असं मलाच विचारणारे भेटतात, ते खरंय, पण त्याचं रडगाणं तुला ऐकवत नाही. फायद्याची बाजूही आहे, एवढंच धाकटीला सांग.

अभ्यासाचं म्हणशील तर पहिलं वर्ष हाडांचं आणि फॉर्मॅलिनचं. डोळे चुरचुरतात, जेवणाच्या ताटातही तोच वास येतो. आणि माणसाच्या डॉक्टरला एकच सांगाडा पाठ करायचा असतो, आम्हाला गाय, घोडा, कुत्रा, डुक्कर, कोंबडी सगळे. गायीला बरगड्यांच्या तेरा जोड्या, घोड्याला अठरा. तोंडी परीक्षेत टेबलावरचं हाड उचलून कुणाचं, कुठलं, डावं की उजवं ते सांगायचं. पुढं औषधशास्त्र येतं, मग सर्जरी, मग गर्भतपासणी. खांद्यापर्यंत प्लॅस्टिकचा मोजा घालून हात आत घालायचा, आणि डोळे मिटून गर्भाशय ओळखायचं. जनावर जोर करतं तेव्हा हात असा आवळतो की बोटं आपली राहत नाहीत. पुस्तकात एका परिच्छेदात येणारी ही गोष्ट हाताला कळायला महिने जातात.

डोकं एकदा या गोष्टींना लागलं की घरच्यांना त्रास होतो, तेही सांगून ठेवते. आमच्या बाबांना गंगावेशीतल्या कट्ट्यावर उभं राहून म्हशीच्या धारेचा फेसाळ पेला प्यायची सवय. लहानपणी मीही प्यायलेय, तू पण. आता मला त्या पेल्यात ब्रुसेला दिसतो. गाभण जनावर गाभडतं, म्हणजे गर्भ पडतो, तो रोग, आणि कच्च्या दुधातून, नाहीतर मोज्याशिवाय जार (वार) ओढला तर माणसाला होतो. ताप जातो, येतो, सांधे धरतात, आणि बिचारा माणूस महिनोन्‌महिने भलत्याच रोगाची औषधं खात बसतो. बाबांना उकळून प्या म्हटलं की म्हणतात, "तुला काय कळतंय, पैलवान असंच पिऊन झालेत." साडेपाच वर्षांच्या शिक्षणाला कोल्हापुरात एवढीच किंमत. काल पाडव्याला त्यांच्याबरोबर म्हशी बघायला गेले. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरांच्या माळा, मालक मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस त्याच्या हाकेवर मागून धावत. पंढरपुरी जातीची एक होती, शिंगं पार पाठीपर्यंत गेलेली. सगळे शिट्ट्या मारत होते, आणि मी ती मागच्या उजव्या पायावर दबकतेय का ते बघत होते. बाबा वैतागले.

दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर म्हणशील एकतर्फी लिहिलं. लम्पीच्या साथीत, २०२२ ला, ज्यांनी गोठ्यागोठ्यांतून लसीकरण केलं त्यांच्याकडून ऐकलंय, दिवस-रात्र कळत नव्हती. जनावर वाचलं नाही तर घरचे रडतात, ते माणूस गेल्यासारखंच रडतात. आणि कधी कधी उपचार आहे, पण त्याचा खर्च जनावराच्या किमतीबाहेर जातो. तेव्हा मालकाला ते तोंडावर सांगायचं काम आपलं. कॉलेजात त्याचा पेपर नसतो. मला अजून नीट जमत नाही. साहेब सरळ आकडा सांगतात आणि गप्प बसतात, काका आधी चहा मागतात.

तर धाकटीला म्हणावं, नीटचा फॉर्म भर, पण त्याआधी चार दिवस माझ्याकडं ये. पहाटे साडेचारला उठून शेजारच्या काकूंबरोबर गोठा झाडायचा, शेण काढायचं, एकदा दुधाची किटली घेऊन डेअरीत जायचं, आणि माझ्याबरोबर दवाखान्यात कोपऱ्यात उभं राहायचं. त्यानंतरही हो म्हणाली तर डिग्रीचं मी बघते; पुस्तकं, हाडांचे चार्ट, जुने पेपर सगळं माझ्याकडं आहे. नाही म्हणाली तर तुमची साडेपाच वर्षांची फी वाचली, मला मिसळ खायला घाल.

तू कधी येतेस? आई सारखी विचारते.

तुझीच,
मनी

ता.क. तिला येताना जुने कपडे आणि गमबूट आणायला सांग. माझे तिला मोठे होतील. आणि कॉलेजला गेली तर पहिल्याच महिन्यात रेबीजची प्रतिबंधक इंजेक्शनं घ्यायला लाव, टाळाटाळ करू देऊ नकोस.