मुकुट अजून टेकलेला नाही

कोल्हापूर,
रविवार

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

चित्रकार जॉन सिंगर सार्जंटच्या ‘एलेन टेरी लेडी मॅकबेथच्या भूमिकेत’ या चित्राची तू लंडनहून पाठवलेली छापील प्रत पोहोचली आणि मी ती मंगळवार पेठेतल्या माझ्या खोलीत उत्तरेच्या खिडकीसमोर टांगली आहे. सोबतच्या पत्रातला तुझा आक्षेप मात्र मला मान्य नाही. लेडी मॅकबेथ आपल्या हातांनी मुकुट उचलून डोक्यावर धरते, असा प्रसंग शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकात नाही आणि डिसेंबर १८८८ मध्ये लंडनच्या लायसियम थिएटरात इंग्रज अभिनेत्री एलेन टेरी ही भूमिका करू लागली तेव्हाही तो रंगमंचावर घडत नसे, हे खरेच आहे. पण तेवढ्यावरून तू चित्राला खोटे ठरवतोस, ते मला पटत नाही.

नीट पाहा. मुकुट अजून केसांना टेकलेला नाही. ज्याच्यासाठी राजाचा खून झाला ते हातात आले आहे, आणि तरीही त्या विस्फारलेल्या डोळ्यांत आनंदाचा मागमूस नाही. पुढे झोपेत चालत हात चोळणारी बाई मला त्या डोळ्यांत आताच दिसते. सगळे नाटक एका हालचालीत आणायचे, तर चित्रकाराने आणखी काय करायचे होते? टेरीची भूमिका फार सौम्य झाली अशी तेव्हा अनेकांची तक्रार होती. तिने स्वतः मात्र पुढे लिहून ठेवले की, अभिनयातून जे पोहोचवावेसे वाटत होते ते सारे सार्जंटने या चित्रात सुचवले आहे. जिची भूमिका, तिचीच ही साक्ष आहे.

त्या पोशाखाने तर मला दोन रात्री झोपू दिले नाही. ॲलिस कॉमिन्स कार हिने तो योजला होता: हिरव्या सुताचे, निळी जर मिसळलेले विणकाम, त्यावर भुंग्यांचे खरे पंख शिवलेले, म्हणजे दुरून चिलखतही वाटावे आणि सापाचे खवलेही. लहानपणी आपण आगपेटीत हिरवा चकचकीत भुंगा ठेवत असू, आठवते? पेटी जरा कलती केली की त्याचा रंग पालटे. ती झळाळी तैलरंगात धरण्याचा मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा हाती नुसता शेवाळी चिखल आला.

शिवाय मुकुटाबद्दल मराठी माणसाने तरी तक्रार करू नये. शिरवाडकरांनी याच नाटकाचे रूपांतर केले, त्याचे नावच ‘राजमुकुट’. १९५४ साली त्यात दुर्गा खोटे यांनी ही भूमिका केली. त्याच दुर्गाबाई १९३२ मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त, इथे आपल्या कोल्हापुरात, तारामती झाल्या होत्या. नवऱ्याच्या शब्दासाठी राज्य सोडणारी राणी आणि राज्यासाठी नवऱ्याच्या हातात खंजीर देणारी राणी, दोन्ही एकाच चेहऱ्यावर! सार्जंटसारखा कुणी तेव्हा मुंबईत असता तर, असे राहून राहून मनात येते.

मूळ चित्र सव्वासात फूट उंच, माझ्याकडची प्रत जेमतेम हातभर. लंडनच्या टेट संग्रहालयात पुन्हा त्याच्यासमोर उभा राहशील तेव्हा जवळ जाऊन एवढेच पाहून कळव: मुकुटाच्या सोन्यावर रंगाचा थर जाड बसला आहे की पातळ, आणि बाहीवरचे पंख त्याने एकेक रंगवले आहेत की नुसत्या फटकाऱ्यांनी भागवले आहे.

तुझा,
दिनकर