नाव पायाखाली नको, भिंतीवर हवे

महोदय,

परिसरातील कर्तबगार रहिवाशांची नावे पदपथाच्या फरशीत कोरून सन्मानपथ उभारावा, अशी कल्पना हल्ली अनेक ठिकाणी मांडली जाते. चित्रपटातील तारेतारकांचा गौरव होतो, तर चाळीस वर्षे शाळा सांभाळणाऱ्या मुख्याध्यापिकेचा किंवा पुरात उडी घेऊन माणसे काढणाऱ्या नावाड्याचा का होऊ नये, हा त्यामागचा विचार रास्तच आहे. माझा आक्षेप त्या विचाराला नसून हॉलिवूडच्या 'वॉक ऑफ फेम'चा, म्हणजे पदपथात मानकऱ्यांच्या नावाचे तारे बसवलेल्या पथाचा, नमुना जसाच्या तसा उचलण्याला आहे.

तो पथ मुळात तेथील वाणिज्य मंडळाने हॉलिवूडची झळाळी टिकवण्यासाठी आखला. १९६० साली त्याचे बांधकाम सुरू झाले आणि आज तेथे २,७०० हून अधिक तारे आहेत. निवड झाल्यानंतर प्रत्येक ताऱ्यामागे हजारो डॉलरचे शुल्क भरावे लागते व ते बहुधा चित्रसंस्था किंवा पुरस्कर्तेच भरतात. तेथे हे खपून जाते; मुख्याध्यापिकेसाठी पैसे भरणारी चित्रसंस्था कोठून आणायची? देणगीदारांकडून खर्च भागवायचा ठरले, तर निदान त्यांना निवड समितीत जागा नसावी.

दुसरी गोष्ट जागेची. २००२ साली मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांना तारा द्यायचे ठरले, तेव्हा आपण प्रेषितांचे नाव धारण करतो, ते लोकांनी तुडवू नये, असे त्यांनी सांगितले आणि त्यांचा तारा तेथील नाट्यगृहाच्या भिंतीवर बसवला गेला. भिंतीवरचा तो एकच. श्रद्धेची बाब बाजूला ठेवली, तरी वर्दळीच्या पदपथावर कोरलेल्या अक्षरांचे काय होते ते कोणीही वाकून पाहावे: खाचांत माती बसते, रंग आधी काठावरून सुटतो, 'ग' चा 'र' आणि 'र' चा नुसता ओरखडा होतो आणि ज्याचा गौरव करायचा, त्याचे नाव चुकीचे वाचले जाते.

लंडनमधील निळे फलक मला अधिक अनुकरणीय वाटतात. १८६७ पासून ते नामवंतांच्या राहत्या घरांच्या भिंतींवर लावले जात आहेत. सामान्य नागरिक नाव सुचवू शकतो. मात्र त्या व्यक्तीच्या निधनाला वीस वर्षे उलटलेली असावी लागतात. फलकावर नाव, जन्म-मृत्यूची वर्षे, कार्य आणि त्या घराशी असलेला संबंध, एवढेच थोडक्यात असते. वीस वर्षांची अट आपल्याला जाचक वाटेल, कारण वृद्ध शिक्षिकेने स्वतःचा फलक स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा असे तिच्या विद्यार्थ्यांना वाटणारच. ती सैल करावी, पण पदावर असलेल्या किंवा पदासाठी उभे राहणाऱ्या कोणाचेही नाव घेऊ नये. दगड एकदा बसला की काढणे अवघड असते. हॉलिवूडमध्ये काही मानकरी पुढे वादग्रस्त ठरले, तरी तारे हा आता ऐतिहासिक ठेवा आहे, असे सांगून मंडळाने ते हटवण्यास नकार दिला आहे.

राहता राहिला मजकूर. 'ज्येष्ठ समाजसेवक' हे दोन शब्द फलकावर अजिबात नकोत. त्यांतून काहीच कळत नाही (आणि ते कोणालाही चिकटवता येतात). 'येथील रात्रशाळेत प्रौढांना अक्षरओळख करून दिली' असे लिहिले, तर रस्त्याने जाणारे मूल आईला रात्रशाळा म्हणजे काय असे विचारील. सन्मानपथाचे खरे काम तेथे सुरू होते. म्हणून पहिल्या दगडाची मागणी नोंदवण्यापूर्वी संयोजकांनी निवडीचे निकष, समितीची नावे आणि मजकुराचा नमुना प्रसिद्ध करून त्यांवर रहिवाशांच्या लेखी हरकती मागवाव्यात, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक